परशुराम मढवी यांचं काम

ठाणे,
११ फेब्रुवारी १९९८

प्रिय गोदावहिनी,
नमस्कार.

पाकिटावर सवयीनं 'सौ.' लिहून गेले, मग ते पाकीट फाडून दुसरं घेतलं. फोन करणार होते, पण तुमचा फोन आईच्या उशाशी. तिच्या देखत काही बोलता येत नाही, आणि तूही नुसतं 'हं, हं' करतेस.

मला येता येत नाही ह्याचा तू राग मानू नकोस. डॉक्टरीणबाईंनी गाडीचा प्रवास बंद केलाय. घरातून रिक्षानं कॉलेजची लॅब आणि लॅबमधून घर, एवढंच. सासूबाई तर पोटुशीनं दुखाच्या घरी जायचं नावच काढू देत नाहीत. सख्खा भाऊ ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या जातो आणि मी त्याच्या तेराव्यालाही नाही. रोज कॉलेजच्या गेटवरून आत शिरताना मान वळते, दादा उभा असेल म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दादानं तुला 'हेरॉन'बद्दल किती सांगितलं होतं कुणास ठाऊक, म्हणून पहिल्यापासून सांगते. हेरॉन हा टेलिफोनच्या लायनीवरून फायली आणण्याचा प्रोग्राम. तो फुकट आहे, आणि नुसता फुकट नाही, त्याचा कोडही सगळ्यांना उघडा आहे. जगात कुणीही तो वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि पाठवून द्यावी. डेन्मार्कमध्ये हेन्रिक म्हणून एक जण आहे, तो दुरुस्ती तपासतो आणि पसंत पडली तर सगळ्यांसाठी आत घालतो. पैसे कुणालाच मिळत नाहीत, पण करणाऱ्याचं नाव लागतं. फाइल अर्ध्यावर तुटली तर पहिल्यापासून न आणता तुटल्या जागेपासून पुढे आणायची, हा त्यातला सगळा भाग आपल्या दादाचा. दोन वर्षं तो ऑफिसला जाता जाता मला गेटवर फ्लॉपी द्यायचा, मी लॅबमधून मेल करायची, आणि आलेल्या उत्तरांचे कागद तो संध्याकाळी घेऊन जायचा.

दादा गेल्याचं मी हेन्रिकला कळवलं. वहिनी, कुठकुठून मेल आले! जपान काय, ब्राझील काय. एप्रिलअखेर नवी आवृत्ती निघणार आहे, ती दादाला अर्पण करताहेत. आणि त्याच्या आठवणीसाठी असंही ठरलंय की त्याच्या भागाला कुणी हात लावायचा नाही, जसा आहे तसा ठेवायचा. हेन्रिकचा मेल छापून सोबत ठेवलाय. आईला मराठीत समजावून सांग.

त्याचं काही अर्धवट राहिलेलं फ्लॉपीवर असेल तर पाठव. शेवटचं काम म्हणून मी पुढे पाठवीन. आणि एक बोलू का? लोक सांगतात, वहिनी अजून रडली नाही. रड गं बाई एकदा. असं आत दाबून ठेवू नये.

तुझी
शालन


डोंबिवली,
२४ फेब्रुवारी १९९८

चि. शालनला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बरी आहे. खरंच बरी आहे, आणि तेच लोकांना आवडत नाही. जेवण जातं, झोप लागते. कॉम्प्युटर क्लासला परत जायला लागले. शेजारच्या शांताबाई रोज येऊन समोर बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात, गॅसवर दूध ठेवून बघावं तसं. मी त्यांना चहा करते. तो पिऊन त्या जातात. मी दाबून वगैरे काही ठेवलेलं नाही. शोधलं तर तिथं काही सापडत नाही.

हेन्रिकचं पत्र आईंना मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, पोपटच्या झेरॉक्सवाल्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं आणि यांच्या फोटोखाली लावलं. येईल त्याला वाचायला लावतात. "माझे पोराचा नाव परदेसान छापलाय," म्हणतात. त्या दिवसापासून दोन घास जास्त जेवतात.

पण हात लावायचा नाही म्हणजे काय गं? त्यात चूक आहे. लाइन तुटताना शेवटचा तुकडा अर्धामुर्धा आलेला असतो, आणि प्रोग्राम तो पूर्ण आला असं धरून पुढे जातो. फाइल वरून धडधाकट दिसते, मध्ये मात्र खराब झालेली असते. तिकडच्या लायनी स्वच्छ, त्यांना हे कधी दिसणार नाही. आपल्याकडे खरखरीशिवाय लाइन नाही, म्हणून दिसलं. तुटल्यावर सरळ पुढे न जाता एक तुकडा मागे जायचं, तो पुन्हा आणून ताडून बघायचा आणि जुळला तरच पुढे जायचं, अशी दुरुस्ती आहे. यांच्या बोलण्यात आलं होतं.

ती फ्लॉपी सोबत पाठवते आहे. पुठ्ठ्यात घातली आहे, पोस्टमननं वाकवली नाही म्हणजे मिळवली. हेन्रिकला म्हणावं, मान राहू दे, पण चूक तेवढी काढ.

तब्येतीला जप. बाकी ठीक.

गोदावरी


ठाणे,
१२ मार्च १९९८

प्रिय वहिनी,

फ्लॉपी मिळाली. हातात घेऊन लॅबमध्येच रडले. विद्यार्थी बघत होते, बघू देत. दादाचं शेवटचं काम!

एक सांगायचं राहील, तुमच्या कॉम्प्युटरची बॅटरी गेलीय वाटतं. फ्लॉपीवरच्या फायलींना तारीख २२ फेब्रुवारी पडलीय. बॅटरी गेली की मशीन मनाला येईल ती तारीख लावतं. कुणाला तरी बोलावून बदलून घे, साधी बटणासारखी असते.

तर ते मी हेन्रिकला पाठवलं, आणि झालं ते काही बरं झालं नाही. तिथं दोन तट पडलेत. एकाच्या फायली खरंच खराब निघाल्या होत्या, त्यामुळे चूक आहे हे आता सगळ्यांना पटलं. पण ह्या दुरुस्तीवर त्यांचे प्रश्न आहेत. दर वेळी एक तुकडा मागे जाण्यात वेळ का घालवायचा? हे दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालतं का? त्यांचा नियम आहे की बदल ज्यानं केला त्यानंच तो समजावून द्यायचा, आणि पुढे काही बिघडलं तर निस्तरायचं. इथं विचारायचं कुणाला? कॅनडातला एक जण म्हणतो, दादाचा सगळा भागच काढून टाकू, मी नवीन लिहून देतो. हेन्रिकला ते आवडलेलं नाही, पण त्याचाही इलाज नाही. नवी आवृत्ती निघायच्या आत कुणी उत्तरं दिली नाहीत तर दादाचं काम जाईल. अर्पण राहील आणि आत त्याची एक ओळ नसेल.

वहिनी, दादा तुझ्याशी ह्याबद्दल बोलायचा ना? काही आठवतंय का बघ. तू क्लासात शिकवतेस, तुला थोडं तरी कळत असेल. त्यांचे प्रश्न छापून सोबत जोडलेत. मला तर काही सुधरत नाही. पाय सुजलेत, झोप नाही, आणि डोक्यात तेवढंच.

तुझी
शालन


डोंबिवली,
१९ मार्च १९९८

प्रिय शालन,

आमच्या कॉम्प्युटरची बॅटरी चांगली आहे. तारीखही बरोबर आहे. त्या दुपारी आई झोपल्या होत्या तेव्हा मी ती फ्लॉपी भरली.

तो बदल मी केला आहे. त्याच्या आधीचं सगळंही मीच केलं आहे. हे असं एकदम लिहिलेलं तुला लागेल, पण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं लिहायचं ते मला सुचलं नाही.

कसं झालं ते सांगते. तू हेरॉनची फ्लॉपी यांना दिलीस तेव्हा यांनी घरच्या फोनवरून तुमच्या लॅबला लाइन जोडून बघितली. खरखर झाली, तुटली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटली. "फुकटचं असंच असायचं," म्हणाले आणि उठून मॅच लावली. मी दुसऱ्या दिवशीचा धडा काढायला बसले होते. सहज कोड उघडला आणि वाचत गेले, वाचता वाचता तो मला कळत गेला. लग्नानंतर इतकं सलग काही वाचलं नव्हतं. आईंना वाटायचं, सून क्लासचं टायपिंग करतेय.

पहिली दुरुस्ती पाठवताना फाइलच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव लागतं. तू अकाउंट यांच्या नावानं उघडून दिलेलं. मला वाटलं, मेल ज्याच्या नावानं जाणार तेच नाव वर हवं, नाहीतर परत येईल. पोरांना शिकवणारी बाई मी, आणि एवढं कळलं नाही. मी यांचं नाव उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी आजतागायत तोंडानं घेतलेलं नाही. आणि प्रत्येक फाइलवर ते मीच टाइप करायची. तेव्हा त्याची गंमतच वाटायची, खोटं कशाला सांगू.

मग कौतुक यायला लागलं. हे लबाड नव्हते, शालन. तू गेटवर विचारलंस, "दादा, हे तू केलंस?" तेव्हा हे नुसते हसले म्हणे. तेवढ्यावर राहिलं ते राहिलंच. पुढे तू तुमच्या सरांना सांगितलंस, कुणीतरी यांच्या ऑफिसात सांगितलं, साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. त्या संध्याकाळी घरी श्रीखंड आलं. मला सगळं सांगितलं, अगदी साहेब काय म्हणाले तेसुद्धा. मी म्हटलं, असू दे. किंवा काहीच म्हटलं नसेल. 'शालनला खरं सांगून टाकू' असं हे कधी म्हणाले होते का, ते मी खूप आठवून बघितलं. नाही म्हणाले.

आता मला काय हवं ते. माझं काम काढून टाकू नये असं मला वाटतं. म्हणजे तसं वाटत असावं. तुझ्या पत्रात ते वाचलं तेव्हा काही झालं नाही, नेहमीसारखी भांडी घासली. पण संध्याकाळी बघते तर त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडून लिहून झाली होती. सोबतच्या फ्लॉपीवर ती आहेत. मागे का जायचं, ह्याचंही आहे. लाइन तुटायच्या आधीच बिघडलेली असते, पण ते सांगत नाही, म्हणून तिनं दिलेल्या शेवटच्या तुकड्यावर विश्वास टाकायचा नाही. शेवटी माझं नाव घातलं आहे. तू वर दोन ओळी लिही की पहिल्यापासून हे सगळं हिनंच लिहिलं. माझं नाव लागलं तर मला पुढचं काम करता येईल. यांच्या नावानं आता कुणाला काही करता येणार नाही.

आईंना मी सांगणार नाही. भिंतीवर तो कागद आहे, तो राहू दे.

गोदावरी


डोंबिवली,
१७ एप्रिल १९९८

चि. शालन,

मुलगी झाल्याचा फोन आईंना आला. त्यांनी आख्ख्या आळीत पेढे वाटले, आणि मध्येच पदर तोंडाला लावून बसल्या. मुलगी दादासारखी दिसते असं तू म्हणालीस म्हणे.

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. तू बाळंतीण आहेस, लिहू नकोस. फक्त फ्लॉपी मिळाली की नाही, एवढं फोनवर आईंना सांग. 'मिळाली' म्हण. त्यांना काही कळणार नाही.

डिंकाचे लाडू पाठवते आहे.

गोदावरी


ठाणे,
८ मे १९९८

वहिनी,

उत्तर दिलं नाही ते मुद्दाम. बाळंतपणाचं निमित्त झालं.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, तुझं डोकं फिरलं. रडली नाही, ते असं बाहेर पडतंय. आमच्या यांनाही मी तसंच सांगितलं. मग संताप आला. दादा गेला तो गेला, आता त्यानं केलेलंही तू काढून घेतेस? तुझ्याकडे त्याचं घर आहे, कपडे आहेत, आई आहे. माझ्याकडे एवढंच होतं. कॉलेजात मी ताठ मानेनं सांगायची, माझा भाऊ, माझा भाऊ.

आता पोरीला मांडीवर घेऊन तासन् तास बसायचं, दुसरं काम नाही. तेव्हा आठवत गेलं. मी गेटवर विचारायची, दादा, ह्या ठिकाणी असं का केलंस? तो म्हणायचा, "उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी बरोबर सांगायचा, एका दमात, पाठ करून आल्यासारखा. मला वाटायचं, माझा भाऊ किती विचार करून बोलतो! जागच्या जागी त्यानं मला एकदासुद्धा उत्तर दिलं नाही गं. एकदासुद्धा नाही.

फ्लॉपी मी तेव्हाच पाठवली होती, दवाखान्यात जायच्या आधी. उत्तरं तुझी तशीच्या तशी गेली, तुझ्या नावानं. पण वरच्या त्या दोन ओळी माझ्या हातून होईनात. 'पहिल्यापासून हिनंच लिहिलं' असं टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. शेवटी लिहिलं, 'परशुरामच्या पत्नीनं तुमच्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.' त्यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तुझी उत्तरं त्यांना इतकी पटली की कॅनडावाल्यानं आपलं म्हणणं मागे घेतलं. दुरुस्ती आत गेली. काम वाचलं, वहिनी. आवृत्ती मागच्या आठवड्यात निघाली. फक्त अर्पणाचा मजकूर त्यांनी बदललाय. मराठीत लिहिते: 'परशुराम मढवी यांच्या स्मृतीस. आणि त्यांच्या पत्नी गोदावरी यांस, ज्यांनी पतीचं अपुरं राहिलेलं काम पुरं करण्यासाठी प्रोग्रामिंग शिकून घेतलं.'

सगळ्यांना ते फार आवडलंय. मेलवर मेल येताहेत. मी काही दुरुस्त केलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "माझी सून बी तशीच गुनाची हाय."

माझं चुकलं का? तूच सांग. मला आता काही ठरवता येत नाही.

शालन


डोंबिवली,
१५ मे १९९८

प्रिय शालन,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. ते वाक्य मी दारातच उभ्यानं वाचलं. शिकून घेतलं म्हणे! आठ वर्षं मी क्लासात शिकवते. यांच्या ऑफिसातली दोन माणसं माझ्याकडे शिकून गेली. माऊस कसा धरायचा ते यांना मी शिकवलं, धरता येईना म्हणून हात धरून शिकवलं.

मला राग आला. जानेवारीपासून काही म्हणून आलं नव्हतं, हा आला. कान तापले. तुझा नाही आला, तू काय करणार होतीस! हेन्रिकचाही नाही, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. यांचा आला. दोन वर्षांत एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? बहिणीजवळ नाही, आईजवळ नाही, निदान माझ्याजवळ तरी म्हणायचं, गोदा, हे बरं दिसत नाही. श्रीखंड आणलं! म्हटलं, आज सोडायचं नाही. आले की चप्पल काढायच्या आत विचारायचं. आई ऐकतील तर ऐकू देत. दुपारभर मी मनात जुळवत होते, काय बोलायचं, हे काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणायचं. लग्न झाल्यापासून एवढं मोठं भांडण मी केलेलं नाही, आणि ते फार चांगलं जमून आलं होतं. दिवे लागले तरी यांचा पत्ता नाही. तेव्हा तर आणखीच चिडले. नेमके आजच उशीर करतात, म्हणून चिडले. खिडकीतून किती वेळा रस्त्यावर बघून आले असेन.

आई म्हणाल्या, "कोनाची वाट बगतेस गं?"

मी म्हटलं, "यांची."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि शालन, आपला माणूस मेलाय हे मला तेव्हा कळलं. एवढं बोलायचं होतं, आणि ऐकून घ्यायला कुणी येणार नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. शांताबाई धावत आल्या. इतके महिने वाट बघितली आणि नेमक्या उशिरा पोहोचल्या.

आईंनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, कोड कुणी लिहिला तेसुद्धा. हुंदक्यांतून त्यांना किती कळलं मला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "मंग तवाच त्याला का नाय बोललीस?" मग त्यांनी भात लावला आणि मला बसवून वाढलं. भिंतीवरचा कागद त्यांनी काढला नाही, मीही काढणार नाही. त्यांचा मुलगा गेला हे त्यात लिहिलंय आणि ते खरं आहे.

सोबत फ्लॉपी आहे. त्यावर हेन्रिकला माझं पत्र आहे. पहिली ओळ कुणी लिहिली, वर नाव दुसऱ्याचं का पडलं आणि ते तसंच का राहिलं, सगळं त्यात आहे. यांच्यावर चिडून लिहिलेलं नाही, आणि यांना झाकूनही नाही. अर्पणातलं यांचं नाव ठेवा म्हटलंय, माझ्याबद्दलचं वाक्य काढा म्हटलंय. तुटल्या जागेपासून पुढे न्यायचा तो भाग ह्यापुढे मी सांभाळीन हेही लिहिलंय. तू वर एक अक्षरही घालू नकोस, खालीही नको. पाठवायला जड जात असेल तर फ्लॉपी परत कर, मी दुसरीकडून पाठवीन. तुझ्यावर रुसणार नाही.

पाठवलीस तर तुझा दादा तुझ्यासाठी थोडा कमी होईल, हे मला कळतं. माझ्यासाठीही झाला. तरी संध्याकाळी त्याच वेळेला कान दाराशी जातात.

मुलीला घेऊन ये. सासूबाईंना सांग, आता दुखाचं घर राहिलं नाही, किंवा काय वाटेल ते सांग. हे वाचून माझा राग आला असेल तर पत्र लिहीत बसू नकोस. ये, आणि समोर बसून भांड.

तुझी
गोदावरी